आधी शत्रू लिहा, मग सेनापती

प्रश्न ऐरोलीच्या एका लेखिकेचा आहे. त्यांच्या कादंबरीतलं राज्य काल्पनिक आहे, काळ तोफा-बंदुका रुळल्यानंतरचा आहे, आणि भूगोल मात्र त्यांना रोज पुलावरून दिसणाऱ्या ठाण्याच्या खाडीचा आहे. पूर्व तीरावर नायकाचं सैन्य, पश्चिम तीरावर शत्रूचा किल्ला. नायक सेनापती आहे आणि असा डोकेबाज माणूस शंभर वर्षांत झाला नाही असं कादंबरीतली पात्रं एकमेकांना सांगतात. ज्यांनी हस्तलिखित वाचलं त्यांचं म्हणणं, "हुशार आहे हे कळतं, पण हुशारी दिसत नाही." लेखिकेने मला किल्ल्यावरच्या हल्ल्याचं प्रकरण पाठवलं आणि विचारलं, की काल्पनिक सेनापती खरोखरचा रणनीतिज्ञ वाटायला नेमकं काय लागतं?

मी पायदळात नोकरी केली, पुढे तरुण अधिकाऱ्यांना डावपेच शिकवले, आणि निवृत्त होऊन ठाण्यात राहायला आल्यापासून युद्धावर लिहिणाऱ्या मराठी लेखकांची हस्तलिखितं वाचून देतो. या विषयावर माझं मत पक्कं आहे, म्हणून उत्तर लांबणार आहे.

प्रकरण थोडक्यात असं: किल्लेदार गर्विष्ठ आणि दारूडा. उत्सवाची रात्र. पहारेकरी पेंगलेले. सेनापती होड्यांतून माणसं घेऊन तटाखाली येतो, किल्ला पडतो, आणि शेवटी तो आपल्या सरदाराला सांगतो, "भरतीची वेळ मला ठाऊक होती."

ताई, यात सेनापतीने काय केलं? किल्लेदाराने स्वतःच स्वतःला हरवलं आणि तुमचा नायक तिथे वेळेवर हजर राहिला. दारूड्या किल्लेदाराला कुठलाही बरा जमादारसुद्धा हरवील. वाचकाला हुशारी दिसत नाही त्याचं कारण सेनापतीच्या पात्रात शोधू नका, ते किल्लेदाराच्या पात्रात आहे. सेनापतीची उंची वाचक मोजतो ती समोरच्या माणसाच्या खांद्यावरून.

माझ्या मते रणनीतीतली प्रतिभा म्हणजे अशी परिस्थिती उभी करणं, की समोरचा पूर्ण शहाणपणाने वागला तरी त्याचं प्रत्येक पाऊल आपल्या उपयोगी पडावं. ही व्याख्या मान्य केली की लेखकाच्या कामाचा क्रमच बदलतो. आधी शत्रू लिहावा लागतो.

सैन्यात कुठलीही योजना आखण्याआधी ‘ॲप्रिसिएशन’, म्हणजे परिस्थितीचा आढावा, लिहावा लागतो. त्याचा साचा ठरलेला असतो: आधी उद्दिष्ट, मग जमीन, वेळ, बळ, रसद यांचा विचार, मग शत्रूपुढे कोणते मार्ग खुले आहेत, त्यानंतर आपल्यापुढे कोणते, आणि सगळ्यात शेवटी योजना. तरुण अधिकारी शत्रूच्या मार्गांचा भाग दोन ओळींत उरकतात, कारण योजना त्यांच्या डोक्यात आधीच तयार असते आणि शत्रूने त्या योजनेला शोभेल असं वागावं अशी त्यांची अपेक्षा असते. सँड मॉडेलभोवती, म्हणजे वाळूत केलेल्या जमिनीच्या नमुन्याभोवती, उभं असताना मी त्यांना बाजू बदलायला लावायचो. आता तू त्या टेकडीवर आहेस, तुझ्याकडे एवढीच माणसं आणि एवढाच दारूगोळा आहे, मागून मदत यायला दोन दिवस आहेत; तू काय करशील? पोरगा विचारात पडायचा, आणि थोड्या वेळाने त्याच्याच तोंडून त्याच्या योजनेतली भोकं बाहेर यायची.

तुम्हीही हेच करा. हल्ल्याचं प्रकरण बाजूला ठेवा आणि किल्लेदाराच्या बाजूने पाच-सहा पानं लिहून काढा. त्याला कशाची भीती आहे, त्याच्यावर वरून कसला दबाव आहे, धान्य किती दिवसांचं आहे, कुठल्या माणसावर त्याचा विश्वास नाही. ही पानं कादंबरीत आली नाहीत तरी चालेल. ती लिहिल्याशिवाय तुमच्या सेनापतीला विचार करायला काही विषयच मिळणार नाही.

प्रतापगडाची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकतो, आणि अफजलखान नुसता आडदांड आणि फुगलेला होता असं समजून ऐकतो. तिथेच तिची खरी उंची हातून निसटते. खान पूर्वी वाईचा सुभेदार होता, तो मुलूख त्याला परका नव्हता. वाईच्या मोकळ्या पट्ट्यात त्याचं घोडदळ, हत्ती, तोफा सगळं चालण्यासारखं होतं. महाराज जावळीत प्रतापगडावर जाऊन बसले. आता खानाच्या जागी बसा. वाईतच थांबावं, तर एवढ्या फौजेचा रोजचा खर्च चालू आणि विजापूरला जाब द्यायचा आहे. गडाला वेढा घालावा, तर त्या जंगलात तोफा चढवणं कठीण आणि घोडदळ निरुपयोगी. तिसरा मार्ग महाराजांनीच पुढे केला: मला भीती वाटते, वाईला यायची हिंमत होत नाही, आपणच इकडे यावं. भेटीत माणूस हाती लागला तर सगळी मोहीम एका दिवसात संपते. खानाच्या बाजूने पाहिलं तर तिन्हींत हाच मार्ग शहाणपणाचा दिसतो. तो तसा दिसावा म्हणून तर वकिलांची बोलणी चालली, रडतोंडीच्या घाटातली वाट मोकळी करून दिली गेली, पार गावात त्याच्या तळाची सोय झाली.

१० नोव्हेंबर १६५९ ला भेटीत काय झालं ते सगळ्यांना पाठ आहे. माझ्या दृष्टीने रणनीतीचं निम्मं काम त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत झालेलं होतं आणि उरलेलं निम्मं भेटीनंतरचं आहे. २८ नोव्हेंबरला, अठराव्या दिवशी, पन्हाळा ताब्यात आला होता. विजापूर धक्क्यातून सावरायच्या आत कुठे धडक मारायची याचा विचार आधीच झाला असल्याशिवाय फौज असं अंतर कापत नाही. कादंबऱ्यांमध्ये मात्र लढाई जिंकली की प्रकरण संपतं आणि पुढचं प्रकरण दरबारात उघडतं.

पालखेड तुमच्या जास्त कामाचं आहे, कारण तिथे सेनापतीला किंमत मोजावी लागते. १७२७ च्या पावसाळ्यानंतर बाजीराव आणि निजाम यांच्यात युद्ध पेटलं. निजाम-उल-मुल्क हा औरंगजेबाच्या हाताखाली घडलेला मुरब्बी माणूस, आणि त्याचा तोफखाना जबरदस्त. शाहू महाराजांविरुद्ध त्याने कोल्हापूरच्या संभाजींना हाताशी धरलं आणि तो पुण्यावर चालून आला. बाजीराव तेव्हा त्याच्याच मुलखात धुमाकूळ घालत होते: जालना, सिंदखेड करत, बुऱ्हाणपूरची हूल देऊन ते गुजरातकडे सरकले होते. आपलं घर शत्रूच्या हातात गेल्यावर सेनापती परत फिरणारच, हा निजामाचा हिशेब होता आणि तो चुकीचा नव्हता. बाजीराव पुण्याकडे वळले असते तर निजामाने निवडलेल्या जागी, त्याच्या तोफांसमोर लढाई झाली असती.

बाजीराव औरंगाबादच्या रोखाने निघाले. आता पेच निजामापुढे. पुणं धरून बसावं, तर आपली स्वतःची राजधानी धोक्यात. परत फिरावं, तर झपाट्याने फिरायला हवं, आणि झपाट्याने जायचं तर जड तोफा सोबत नेता येत नाहीत. त्याने जाणत्या सेनापतीने करावं तेच केलं, तोफखाना मागे टाकला आणि धावला. फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळ पालखेडला त्याची फौज पाण्यावाचून कोंडली गेली, आणि ६ मार्चला मुंगी-शेवगावला त्याला तह करावा लागला. ज्या तोफखान्याशी लढायची कुणाची छाती नव्हती तो निजामाने स्वतःच्या हुकमाने लढाईतून काढून टाकला. या एका वळणासाठी मी पालखेडला मराठ्यांच्या सगळ्या लढायांत वरचं स्थान देतो.

अशी मोहीम कादंबरीत लिहायची झाली तर मी सर्वांत जास्त पानं घोड्यांच्या दौडीला देणार नाही. छावणीत पुणं पडल्याची बातमी येते त्या संध्याकाळला देईन. शिलेदारांची घरं तिकडे आहेत, बायका-पोरं तिकडे आहेत. सरदार तंबूत येऊन विचारतात, कधी निघायचं? आणि सेनापती म्हणतो, निघायचं आहे, पण तिकडे नाही. कारण पूर्ण उघड करून सांगता येत नाही, कारण छावणीत शत्रूचे कान असतात. त्या रात्री काहीजण त्याच्याबद्दल काय बोलले असतील ते लिहा. प्रतिभा वाचकाला तिथे जाणवते, जिथे तिच्यामुळे आपल्याच माणसांना सोसावं लागतं आणि सेनापतीला ते दिसत असतं. तुमच्या सेनापतीचं स्वतःचं गाव पूर्व तीरावर आहे असं तुम्ही पहिल्याच प्रकरणात लिहिलंय. ते गाव नंतर कथेत कुठेच येत नाही. ते वापरा.

आता खाडीकडे येतो. "भरतीची वेळ मला ठाऊक होती" हे वाक्य मी आधी कापीन, कारण खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ती ठाऊक असते. आपल्याकडच्या कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण व्हायची वेळ निघते. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, अमावस्या-पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या सुमाराला. ठाण्यापर्यंत आत यायला पाणी थोडा उशीर करतं. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पूर्ण. उधाणाला पाण्याची चढ-उतार चार मीटरच्या वर जाते, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, ती बरीच कमी असते. हा हिशेब शत्रूच्या तांडेलालाही येतो आणि किल्लेदारालाही कळतो.

म्हणजे अमावस्येच्या मध्यरात्री काय असतं? काळाकुट्ट अंधार, आणि पाणी तटाला भिडलेलं. होड्यांनी यायला यापेक्षा चांगली रात्र नाही. शहाणा किल्लेदार चतुर्दशीपासून प्रतिपदेपर्यंत पहारा दुप्पट करणार, तटावर मशाली वाढवणार, तोफा भरून ठेवणार. इथून पुढे तुमच्या सेनापतीचं डोकं चालू द्या. समजा, त्याने शुद्ध तृतीया निवडली. चंद्रकोर नऊच्या आत मावळते, म्हणजे अंधार आहेच. भरती सव्वादोनच्या पुढेमागे येते, पहारेकऱ्यांचे डोळे सर्वांत जड होतात तेव्हा. अमावस्येनंतर एक-दोन दिवस उधाणाचा जोर टिकतो, म्हणून पाण्याला अजून भर आहे. तीन रात्री डोळ्यांत तेल घालून जागलेले पहारेकरी आता थोडे सैलावलेत. आणि सकाळी साडेआठच्या सुमाराला ओहोटी पूर्ण होऊन किल्ल्याच्या बाजूला नुसता चिखल आणि तिवरं उरतात, त्यामुळे शत्रूची मदत होड्यांतून तटापाशी यायची तर तिला पाणी पुन्हा चढेपर्यंत थांबावं लागेल.

यावर आणखी एक थर चढवा. आधीच्या दोन अमावस्यांना सेनापतीने खरोखरच होड्या पाण्यात घातल्या, अर्ध्या खाडीपर्यंत नेल्या आणि मागे वळवल्या. किल्लेदाराने बरोबर ओळखलं की याचा डोळा अमावस्येवर आहे. त्याने पहारा आणखी वाढवला, माणसं अमावस्येभोवतीच्या रात्रींवर आणली, बाकीच्या रात्री त्यांना विश्रांती दिली. त्याचा प्रत्येक निर्णय रास्त आहे. दारूचा थेंबही लागला नाही.

पण जो चिखल शत्रूच्या होड्या अडवतो तोच आपल्याही अडवतो. सव्वादोनला जे तटाखाली उतरले त्यांना सकाळी परतीची वाट नाही. दुपारी पाणी चढेपर्यंत ते तिथेच. किल्ला पडला तर ठीक, न पडला तर ती माणसं गेली. सेनापतीला हे माहीत आहे, आणि पुढे जाणाऱ्या तुकडीच्या म्होरक्याला त्याने हे सांगायला हवं. तो संवाद तुमच्या प्रकरणात नाही. त्या एका संवादासाठी मी उत्सवाची सगळी वर्णनं देऊन टाकीन.

तिथीचा हिशेब हल्ल्याच्या रात्री समजावून सांगू नका. तो बराच आधी, युद्धाशी संबंध नसताना येऊ द्या. एखादी कोळीण बाजाराला निघण्याआधी बोटांवर तिथी मोजते, नवऱ्याची होडी किती वाजता लागेल ते सांगते, एवढं पुरे. मग सेनापती तृतीया म्हणाला की वाचक स्वतः पाऊणपट करील आणि सेनापतीच्या अर्धं पाऊल मागे चालत राहील. वाचकाला जे माहीतच नव्हतं त्याच्या जोरावर सेनापती जिंकला तर वाचकाला फसवल्यासारखं वाटतं. सगळं त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि तरी जुळवता आलं नाही, असं झालं की तो सेनापतीला मानतो.

हा सगळा डाव झाला. रणनीती अजून सुरूच झालेली नाही. तुमच्या कादंबरीत किल्ला घ्यायचा आहे, पण तो कशासाठी हवाय हे कुणीच विचारत नाही. शत्रूचा आहे म्हणून? मग त्याला वळसा घालून पुढे का जाऊ नये?

याचं उत्तर तुमच्या घरापासून फार लांब नाही. ठाण्याचा पोर्तुगीज किल्ला, ज्यात आज मध्यवर्ती कारागृह आहे, तो १७३७ साली मराठ्यांनी घेतला तेव्हा बांधून पूर्णही झालेला नव्हता. तो पुरा व्हायच्या आत तिथे पोचणं हा निर्णय भरतीच्या कुठल्याही हिशेबापेक्षा मोठा होता. ठाणं हातात आल्यावर साष्टी बेटात शिरायचं दार उघडलं आणि वसईचा साष्टीकडचा आधार सुटला. तरीही चिमाजी अप्पांना वसई मिळायला मे १७३९ उजाडला. मध्ये पावसाळे गेले, हल्ले परतवले गेले, केळवे-माहीम, तारापूर एकेक करून घ्यावं लागलं, शेवटी तटाखाली सुरुंग लावावे लागले. आणि १७३९ मध्ये इकडे वेढा आवळत असताना व्यंकटराव घोरपडे तिकडे गोव्यावर चालून गेले होते, त्यामुळे गोव्याला वसईच्या मदतीला मोकळेपणाने माणसं पाठवता येईनात. वसईच्या बुरुजावर लढणाऱ्या शिपायाने घोरपड्यांची फौज जन्मात पाहिली नसेल, पण त्याच्या नशिबात तिचा वाटा होता. इतका मोठा नकाशा एका विचारात धरणं, आणि मधल्या अपयशांनी तो विचार न सोडणं, याला मी रणनीती म्हणतो.

कौटिल्याने राजाच्या शक्ती तीन सांगितल्या: उत्साहशक्ती म्हणजे स्वतःचं शौर्य, प्रभुशक्ती म्हणजे कोश आणि सैन्य, आणि मंत्रशक्ती म्हणजे विचाराचं बळ. त्याने मंत्रशक्तीला सर्वांत वर ठेवलं. तुमच्या सेनापतीची तलवारबाजी तीन प्रकरणांत आहे. दोन काढा. बुद्धिबळाचा प्रसंगही काढा. पटावर दोघांनाही सगळी प्यादी दिसतात, युद्धात तसं नसतं. सैन्यासमोरचं भाषण हवं तर ठेवा, लहान करून.

रसदीबद्दल थोडंच लिहितो, पण ते टाळू नका. एका घोड्याला दिवसाला साधारण दहा किलो चारा-दाणा आणि तीसएक लिटर पाणी लागतं. तुमच्या सेनापतीकडे पाच हजार घोडी आहेत. म्हणजे रोज पन्नास टन चारा-दाणा आणि दीड लाख लिटर पाणी. तुमची फौज खाऱ्या खाडीच्या काठावर महिनाभर तळ देऊन आहे आणि गोडं पाणी कुठून येतं याचा उल्लेख नाही. विहिरी किती, तलाव कुणाच्या ताब्यात, धान्याचे बैल घेऊन येणारे बंजारे कुठल्या घाटाने उतरतात, हे सेनापतीच्या डोक्यात सतत चालू असलेलं दाखवा. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला आपली माणसं बाहेर पडली ती उपाशी पोटी. अब्दाली ऑक्टोबरमध्ये बागपतला यमुना उतरला आणि दिल्लीकडची वाट तुटली, तिथून मराठ्यांच्या छावणीतला प्रत्येक दिवस अन्नाच्या हिशेबात महाग होत गेला. हा हिशेब अब्दालीने अधिक चांगला केला, हे मराठी माणसाने लिहायला कचरू नये.

बातम्यांचंही तसंच. तुमचा हेर येतो, खरी बातमी देतो, जातो. प्रत्यक्षात दोन हेर येतात आणि एकमेकांच्या विरुद्ध सांगतात, त्यातला एक घाबरलेला असतो आणि दुसऱ्याला बक्षीस हवं असतं. त्यांतल्या कुणाचं का मानावं हे ठरवताना सेनापती दिसू दे. तसंच हुकमाचं. सांडणीस्वार वाटेत मारला गेला तर पलीकडच्या सरदाराने काय करायचं? चांगला सेनापती काय करायचं ते सांगतो आणि कशासाठी करायचं तेही सांगतो, म्हणजे निरोप न पोचला तरी सरदार त्याच्या मनासारखं वागू शकतो. अशी एखादी घटना घाला, जिथे हुकूम पोचत नाही आणि तरी काम होतं. सेनापतीच्या हुशारीचा याहून चांगला पुरावा मला सुचत नाही, कारण त्या पानावर तो स्वतः हजरच नसतो.

तो हरायलाही हवा. नुसता हरून पुन्हा जिंकायला नव्हे, तर आपण हरलोय हे वेळेत ओळखायला. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांनी महाराजांविरुद्ध जी मोहीम चालवली ती रणनीती म्हणून मी विद्यार्थ्यांना नेहमी वाचायला लावायचो. आधी महाराजांच्या बाजूला जाऊ शकतील अशा साऱ्यांशी संधान बांधलं, मग पुरंदरला वेढा घातला, जिथून पुरंदरवर मारा करता येतो तो वज्रगड एप्रिलमध्ये घेतला, आणि त्याच वेळी स्वार आजूबाजूचा मुलूख जाळत राहिले. पुरंदरचे किल्लेदार मुरारबाजी पडले. महाराजांनी जूनमध्ये तह केला, तेवीस किल्ले दिले आणि बारा राखले. गड लढवत ठेवता आला असता, पण गडावरची माणसं आणि खालची रयत संपली असती. पाच वर्षांनी, १६७० मध्ये, सिंहगड आणि पुरंदर परत आले, कारण परत घेणारी माणसं शिल्लक होती. तुमच्या सेनापतीला असा एक तह करायला लावा आणि त्याच्या सरदारांना त्याच्यावर चिडू द्या.

याच्या उलट उदाहरण नेपोलियनचं. १८०५ मध्ये ऑस्टरलिट्झला त्याने प्राट्झनची उंच जागा सोडून दिली, उजवी बाजू दुबळी दाखवली, आपण घाबरल्याचा आव आणला, आणि शत्रूने ते आमिष गिळलं. १८१२ मध्ये तोच माणूस मॉस्कोत शिरला आणि झार तह करील म्हणून पाच आठवडे वाट पाहत बसला. झारला त्याच्याकडून काहीच नको होतं. समोरच्याला तुम्ही देऊ केलेल्या मार्गांपैकी एकही घ्यायचा नसेल तर कितीही मोठा सेनापती अडकतो. तुमच्या कादंबरीच्या उत्तरार्धात असा एखादा शत्रू आणा, जो लढत नाही, बोलत नाही, नुसता मागे सरकतो. आपल्या राजनीतीत त्यालाही नाव आहे, आसन, धोरणाच्या सहा प्रकारांपैकी (गुणांपैकी) एक: योग्य वेळ येईपर्यंत लढाईला न भिडता थांबणं. लिहायला हे सर्वांत अवघड, कारण काही घडत नाही. पण हुशार नायकाची खरी कसोटी अशाच शत्रूपुढे लागते.

राहिला किल्ला पडल्यानंतरचा भाग. तुमच्या प्रकरणात सेनापती किल्लेदाराचं शिर उडवतो. हे का, ते मला कळलं नाही. १६६१ मध्ये उंबरखिंडीत मुघल सरदार कारतलबखान पुरता कोंडला गेला होता, सगळी फौज कापता आली असती. महाराजांनी सामानसुमान आणि खंडणी घेऊन त्याला वाट दिली. कोंडलेल्या फौजेला मरणाशिवाय मार्ग उरला नाही की ती शेवटच्या माणसापर्यंत लढते आणि आपली माणसं खाते. वसईतही पोर्तुगीजांना कुटुंबकबिल्यासह, सन्मानाने बाहेर पडायची मुभा तहात दिली गेली. तुमच्या खाडीच्या मुखाशी शत्रूचा दुसरा किल्ला आहे, नकाशात तुम्हीच काढलाय. इथल्या किल्लेदाराचं शिर उडालं ही बातमी तिथे दोन दिवसांत पोचेल, आणि तो दुसरा किल्लेदार दरवाजे चिणून घेईल. इथला किल्लेदार आपल्या माणसांसह, निशाण घेऊन, शिधा बांधून बाहेर पडला ही बातमी पोचली, तर त्याला रात्रभर झोप येणार नाही. त्याच्या शिबंदीतही कुजबूज सुरू होईल. तुमच्या सेनापतीने कोणती बातमी पाठवायची ते हल्ल्याच्या आधीच ठरवलेलं असायला हवं, आणि तुम्हीही.